दोन मजल्यांवरचा रेड : व्हर्च्युअल मशीनमधील ॲरेची दुरुस्ती आणि विस्तार

गोरेगावातील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात एक लहानसा सर्व्हर आहे आणि त्याची देखभाल काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्या यंत्रावर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालतात, आणि त्यांपैकी एकावर अशिलांच्या फायली, जुन्या विवरणपत्रांच्या प्रती आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा असतो. या मशीनला सिस्टिमच्या डिस्कखेरीज चार डिस्क दिलेल्या आहेत आणि त्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने (RAID) एकत्र बांधलेल्या आहेत; अशा बांधलेल्या संचाला ॲरे म्हणतात. एका जुलैमध्ये, विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली असताना, त्यातली एक डिस्क बसली आणि ती बदलण्याच्या घाईत मी तिच्या शेजारची धडधाकट डिस्क काढून टाकली. चूक का झाली आणि ती कशी निस्तरली हे पुढे येईलच, पण ते कळण्यासाठी आधी रेड आतून कसा चालतो हे पाहावे लागेल.

रेड ही संकल्पना या नावाने रूढ झाली ती १९८८ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांतील एखादी गेली तरी डेटा जाऊ नये अशी मांडणी करावी, असा त्यांचा विचार होता. नावातील ‘आय’ हे अक्षर तेव्हा ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. पुढे त्याच अक्षराचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा सांगितला जाऊ लागला. डिस्क विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द फारसा मानवला नसावा, असा माझा आपला अंदाज आहे.

रेडचे प्रकार क्रमांकाने ओळखले जातात. शून्य क्रमांकात डेटा नुसता वाटून ठेवला जातो, त्यामुळे वेग मिळतो, मात्र एक डिस्क गेली की सगळेच जाते. एक क्रमांकात दोन डिस्कवर हुबेहूब प्रती असतात. आपल्या कामाचा आहे तो पाच क्रमांक. समजा, एका सोसायटीच्या ए, बी आणि सी विंगची महिन्याची वर्गणी तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेली आहे आणि चौथ्या वहीत फक्त तिन्हींची बेरीज आहे. पावसात बी विंगची वही भिजून वाचण्यापलीकडे गेली, तरी बेरजेतून ए आणि सी वजा केले की बीचा आकडा परत मिळतो. दोन वह्या एकदम भिजल्या तर मात्र बेरजेचा काही उपयोग होत नाही. या बेरजेच्या वहीला रेडच्या भाषेत पॅरिटी म्हणतात.

संगणक प्रत्यक्षात बेरीज करत नाही; त्याची रीत याहून सोपी आहे. तीन डिस्कवर एकाच जागी ०१०१, ००११ आणि १००१ असे अंक आहेत असे धरा आणि ते एकाखाली एक लिहा. ज्या उभ्या रकान्यात १ हा अंक विषम वेळा आला असेल तिथे पॅरिटीत १ लिहायचा, सम वेळा आला असेल तिथे ० लिहायचा. येथे चारही रकान्यांत विषम संख्या येते, म्हणून पॅरिटी ११११ होते. आता मधली डिस्क गेली असे समजा. उरलेल्या ०१०१, १००१ आणि पॅरिटीचे ११११ यांच्यावर तीच कृती केली की उत्तर ००११ येते, म्हणजे हरवलेला डेटा जसाच्या तसा हातात पडतो. डिस्क ५०० जीबीची असो की १० टीबीची, दुरुस्ती म्हणजे हीच कृती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत करत जाणे. पाच क्रमांकात पॅरिटीचा भार एकाच डिस्कवर पडू नये म्हणून तिची जागा प्रत्येक पट्ट्यागणिक, म्हणजे सर्व डिस्कवरील एकाच ओळीतल्या तुकड्यांगणिक, बदलती ठेवलेली असते.

लिनक्समध्ये हे काम कर्नेलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) ‘एमडी’ हा भाग करतो, आणि त्याला आज्ञा देण्यासाठी नील ब्राऊन यांनी २००१ मध्ये लिहायला घेतलेला ‘एमडीॲडम’ हा प्रोग्राम वापरला जातो. प्रत्येक डिस्कच्या एका ठरावीक जागी एमडी आपली छोटी नोंद ठेवतो, आणि तिला सुपरब्लॉक म्हणतात. ही डिस्क कोणत्या ॲरेची आहे, त्यात तिचा क्रमांक कितवा आहे आणि आजवर किती ‘घटना’ नोंदल्या गेल्या आहेत हे त्यात असते. ॲरेत काही बदल झाला की हा घटनांचा आकडा सर्व हजर डिस्कवर पुढे सरकतो. जी डिस्क गैरहजर असते तिचा आकडा मागे राहतो. हजेरीपटासारखी दिसणारी ही साधी नोंद पुढे माझ्या फार उपयोगी पडली.

येथपर्यंतचे सगळे प्रत्यक्ष यंत्रालाही लागू आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये फरक पडतो तो असा, की आत चालणाऱ्या लिनक्सला जी डिस्क वाटते ती बाहेरच्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर, बहुधा एक मोठी फाईल असते. त्यामुळे प्रत्येक कामाला दोन मजले असतात. डिस्क बिघडते खालच्या मजल्यावर आणि तक्रार ऐकू येते वरच्या मजल्यावर. बदली डिस्क खाली तयार करायची आणि ॲरेत घ्यायची वर. यातील कोणत्याही एका मजल्यावरची समजूत दुसऱ्यावर गृहीत धरली की घोटाळा होतो.

पहिला आणि सर्वांत महाग घोटाळा तर दुरुस्तीच्याही आधी होतो. चार व्हर्च्युअल डिस्कच्या चारही फायली होस्टच्या एकाच डिस्कवर असतील, तर आतला रेड कितीही नेटका असला तरी त्याचा बचावासाठी काडीचा उपयोग नाही, कारण खालची एक डिस्क गेली की वरच्या चारही एकदम जातात. याउलट होस्टवर आधीच हार्डवेअर रेड, म्हणजे वेगळ्या कार्डाने चालवलेला रेड, असेल, तर आत पुन्हा पाच क्रमांकाचा रेड करणे म्हणजे एका छत्रीवर दुसरी छत्री धरण्यासारखे आहे. पाच क्रमांकात एक लहानसे लेखन करायलाही जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा अशी चार कामे होतात, आणि खाली पुन्हा रेड असला की ती तिथे आणखी वाढतात. क्लाउडमध्येही हाच हिशेब लागू होतो. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई विभाग सुरू केल्यापासून इथल्या अनेक लहान कंपन्यांचे सर्व्हर तिथे गेले आहेत. तिथल्या ईबीएस नावाच्या व्हर्च्युअल डिस्कच्या प्रती सेवा देणाऱ्याकडूनच ठेवल्या जातात, आणि पाच किंवा सहा (दोन पॅरिटींच्या) क्रमांकाचा रेड त्यांवर करू नये असे ॲमेझॉनचे स्वतःचे मार्गदर्शन सांगते. वेग हवा असेल तर शून्य क्रमांक तेवढा विचारात घेण्यासारखा आहे. गोरेगावच्या कार्यालयात मी आत रेड ठेवला तो होस्टला रेड कार्ड नव्हते म्हणून, आणि चारही व्हर्च्युअल डिस्क चार वेगळ्या खऱ्या डिस्कवर ठेवता आल्या म्हणून.

आता बिघाडाकडे वळू. एमडीची स्थिती दाखवणाऱ्या ‘एमडीस्टॅट’ या फाईलमध्ये त्या दिवशी [४/३] [यूयू_यू] असे दिसत होते. चार डिस्कपैकी तीन हजर आहेत आणि तिसरी जागा रिकामी आहे, असा त्याचा अर्थ. ॲरे चालू होता, कार्यालयातील कोणालाही काही जाणवले नव्हते, आणि खरे तर हीच पाच क्रमांकाची खोड आहे: एक डिस्क जाऊनही काम सुरळीत चालते, म्हणून इशाऱ्याची ई-मेल लावून ठेवली नसेल तर दुसरी जाईपर्यंत पहिलीचा पत्ताच लागत नाही.

गेलेली डिस्क आतून ‘एसडीडी’ या नावाने दिसत होती. सिस्टिमची डिस्क ‘एसडीए’ आहे, म्हणजे ‘एसडीडी’ चौथी, असा हिशेब करून मी होस्टच्या यादीतील ‘हार्ड डिस्क ४’ काढली. पुढच्या क्षणी रिकाम्या जागा दोन झाल्या, फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी रचना) फक्त वाचता येईल अशा अवस्थेत गेली आणि शेजारच्या खोलीतून ‘सर्व्हर बंद पडला का हो?’ असा आवाज आला. ही अक्षरे लिनक्स ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने वाटतो. मशीन पुन्हा सुरू झाले की तो क्रम बदलू शकतो आणि होस्टच्या यादीशी त्याचा कसलाही करार नसतो. ओळख पटवण्याचे खात्रीचे मार्ग दुसरे आहेत. स्कझी या डिस्क जोडण्याच्या पद्धतीतला पत्ता दोन्ही मजल्यांवर पाहता येतो; होस्टवर ०:३ असेल तर आतही त्या पत्त्यात ३ हा अंक दिसतो. केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्सवरील प्रणालीत प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कला आपण स्वतः अनुक्रमांक देऊ शकतो. व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रणालीत डिस्कची यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) आत दिसू देण्याची एक वेगळी सेटिंग आहे आणि ती सुरुवातीलाच चालू करून ठेवावी.

सुदैवाने ती डिस्क मी फक्त यादीतून सोडवली होती, तिची फाईल पुसली नव्हती. ती परत जोडली, ॲरे पूर्ण थांबवला आणि चारही डिस्कचे सुपरब्लॉक तपासले. दोन डिस्कवरचा घटनांचा आकडा तंतोतंत सारखा होता, चुकून काढलेल्या डिस्कचा त्यांच्याहून जेमतेम सात-आठने कमी होता, आणि खरोखर बिघडलेली डिस्क हजारोंनी मागे पडलेली होती. यावरून कोणत्या तीन डिस्क विश्वासाच्या आहेत हे उघड झाले. त्या तिघींना घेऊन ‘असेंबल’ ही आज्ञा ‘फोर्स’ या पर्यायासह दिली, तेव्हा एमडीने तो थोडा फरक बाजूला ठेवून ॲरे उभा केला. त्यानंतर फाईल सिस्टिमची तपासणी आधी काहीही न बदलता केली, मग दुरुस्तीसह केली आणि शेवटी कार्यालयाला सर्व्हर उघडून दिला. अशा वेळी इंटरनेटवर कुठेतरी वाचून ‘क्रिएट’ ही आज्ञा देण्याचा मोह होतो. ती नवा ॲरे तयार करण्यासाठी आहे, आणि डिस्कचा क्रम किंवा डेटाची सुरुवात जराशी चुकली तर जुन्या डेटावर नवी पॅरिटी लिहून ती सगळा गाळ करून ठेवते.

डिस्क बदलण्याची नेहमीची कृती यापुढे सरळ आहे: बिघडलेल्या डिस्कला ‘फेल’ म्हणून चिन्हांकित करायचे, ‘रिमूव्ह’ने ॲरेतून काढायचे, होस्टवर नवी व्हर्च्युअल डिस्क तयार करून मशीनला जोडायची आणि ‘ॲड’ने ॲरेत घ्यायची. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. काही एमबीने जरी ती लहान पडली तरी एमडी तिला घेत नाही. जुनी डिस्क कण्हत का होईना पण चालत असेल, तर ‘रिप्लेस’ ही आज्ञा अधिक शहाणपणाची आहे, कारण तिच्यात जुनी डिस्क ॲरेत राहूनच तिची प्रत नवीवर उतरते आणि जे भाग वाचता येत नाहीत तेवढेच इतर डिस्कवरून काढले जातात. बिघडलेल्या डिस्कला आधी बाहेर काढून मग नवीची वाट पाहणे म्हणजे विनाकारण काही तास बिनबचावाचे काढणे होय.

पुनर्बांधणी सुरू झाली की उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचल्या जातात, आणि कधीच न वाचलेल्या कोपऱ्यातील दोष तेव्हाच उघडे पडतात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्ये इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक होऊ शकते असे लिहिलेले असते. हे बिट म्हणजे सुमारे १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा यापेक्षा चांगल्या वागतात, तरी मोठ्या ॲरेसाठी हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. म्हणूनच डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा ॲरे वाचून तपासण्याची सोय आधीपासून लावलेली असते. ती रात्री यंत्राला त्रास देते म्हणून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालणे मी आता सोडून दिले आहे.

पुनर्बांधणीला किती वेळ लागेल याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने भरली तर ५,००० सेकंद, म्हणजे साधारण एक तास तेवीस मिनिटे लागतात. हा वेग मात्र रिकाम्या यंत्राचा झाला. व्हर्च्युअल मशीनच्या पुनर्बांधणीचा भार त्याच होस्टवरील शेजाऱ्यांवरही पडतो आणि त्यांना कारण कळत नाही. कर्नेलमध्ये या वेगाला कमाल आणि किमान मर्यादा घालता येते. कमाल मर्यादा मुळात सेकंदाला २,००,००० केबी असते. दिवसा ती मी ५०,००० वर आणतो आणि संध्याकाळी शेवटचा माणूस लोकलसाठी निघाला की पुन्हा वाढवतो.

याहून कपटी अडचण आहे ती ‘थिन’ डिस्कची. होस्टवर ५०० जीबीची थिन डिस्क तयार केली तर तिची फाईल सुरुवातीला अगदी लहान असते आणि आत लिहिले जाईल तसतशी वाढते. आता पुनर्बांधणी काय करते ते आठवा: ती नव्या डिस्कचा प्रत्येक भाग लिहिते, मग त्या जागी फायली असोत वा नसोत, कारण एमडीला फायलींची माहितीच नसते. परिणामी आत फक्त १०० जीबी डेटा असला तरी होस्टवरील फाईल फुगून पूर्ण ५०० जीबीची होते. जागा पुरेल असे मनात धरून होस्टवर एकाच डिस्कवर अनेक थिन फायली ठेवल्या असतील, तर मध्यरात्री ती डिस्क भरते आणि तिच्यावरील सगळीच मशीन थबकतात. तेव्हा नवी डिस्क जोडण्याआधी होस्टची मोकळी जागा तिच्या पूर्ण आकाराने मोजावी.

वीज गेल्याचाही येथे संबंध आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबई आणि आसपासचा बराच भाग अंधारात गेला होता आणि अनेक कार्यालयांतील यूपीएस त्या दिवशी पुरले नाहीत. ॲरे पूर्ण असताना वीज गेली, तर एखाद्या पट्ट्यात डेटा नवा आणि पॅरिटी जुनी राहू शकते; सुरू होताच एमडी पॅरिटी पुन्हा मोजून घेतो आणि प्रश्न मिटतो. एक डिस्क आधीच गैरहजर असेल तर मात्र त्या जुन्या पॅरिटीवरून हरवलेला डेटा काढला जाईल आणि तो चुकीचा निघेल. म्हणून अशा अवस्थेतला ॲरे एमडी आपण होऊन सुरू करत नाही. पाहणाऱ्याला तो अडून बसल्यासारखा वाटतो, पण त्याचे कारण रास्त असते.

विस्ताराचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डिस्कची संख्या वाढवणे. पाच क्रमांकात एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, म्हणून ५०० जीबीच्या चार डिस्कवर १,५०० जीबी मिळतात आणि पाचवी जोडली की २,०००. पाचवी डिस्क ‘ॲड’ केली की ती आधी राखीव म्हणून बसते. मग ‘ग्रो’ आज्ञेने डिस्कची संख्या पाच करायची. यानंतर प्रत्येक पट्टा उचलून नव्या मांडणीत पुन्हा लिहिला जातो, त्यामुळे हे काम पुनर्बांधणीपेक्षा बरेच सावकाश चालते. मध्येच मशीन बंद पडले तरी कुठवर आलो ही नोंद सुपरब्लॉकमध्ये असते आणि काम तिथून पुढे सुरू होते. बॅकअप फाईल मागितली गेली तर ती त्याच ॲरेवर ठेवू नये, हे सांगायची गरज नसावी, पण मी ते केलेले पाहिले आहे.

दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनला अधिक साजेसा आहे, कारण तिथे डिस्क विकत न आणता मोठी करता येते. येथे नियम एकच: खालून वर चढत जायचे आणि एकही पायरी गाळायची नाही. आधी होस्टवर चारही व्हर्च्युअल डिस्क वाढवायच्या. तीन वाढवून एक राहिली तर ॲरे सर्वांत लहान डिस्कच्याच मापाने चालतो. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या एखाद्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या अवस्था) शिल्लक असतील तर व्हीएमवेअर डिस्क वाढवू देत नाही, म्हणून ते आधी मिटवावे लागतात. मग आतल्या लिनक्सला डिस्क पुन्हा मोजायला सांगायचे, विभाजने असतील तर ती वाढवायची, त्यानंतर ‘ग्रो’ आज्ञेत आकार ‘मॅक्स’ द्यायचा आणि वाढीव भागाची पॅरिटी तयार होऊ द्यायची. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) असेल तर त्याचे दोन थर आणि सगळ्यात शेवटी फाईल सिस्टिम. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाईल सिस्टिम चालू असताना वाढतात. एक्सएफएस लहान करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटी ठेवणारा जुना प्रकार वापरात असेल तर येथे जपावे लागते, कारण मशीन बंद ठेवून डिस्क वाढवली की शेवटच दूर सरकतो आणि एमडीला आपली नोंद सापडत नाही. आता रूढ असलेला १.२ हा प्रकार ती नोंद डिस्कच्या सुरुवातीजवळ ठेवतो.

स्नॅपशॉटबद्दल आणखी एक गोष्ट. ॲरेतील सर्व डिस्कचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असला पाहिजे. एखादी डिस्क स्नॅपशॉटमधून वगळलेली असेल आणि मशीन मागे नेले, तर तीन डिस्क कालच्या आणि एक आजची अशी अवस्था होते. घटनांच्या आकड्यांवरून आजची डिस्क सर्वांत ताजी दिसते आणि उरलेल्या तीन, ज्यांचा एकमेकींशी मेळ आहे, त्या शिळ्या ठरतात.

सराव करायला सर्व्हर लागत नाही. लॅपटॉपवरील कोणत्याही लिनक्स मशीनमध्ये एकेक जीबीच्या पाच रिकाम्या फायली तयार कराव्यात, त्यांना लूप डिस्क, म्हणजे डिस्कसारख्या वागणाऱ्या फायली, म्हणून जोडावे आणि त्यांचा ॲरे बांधून काही फायली टाकाव्यात. मग एक डिस्क मुद्दाम ‘फेल’ करून, चुकीची काढून, परत जोडून पाहावे. त्या जुलैनंतरच्या रविवारी मी हेच घरी बसून चार वेळा केले.

सगळे झाल्यावर एक कारकुनी काम उरते. ॲरेची नवी माहिती एमडीॲडमच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहून सुरुवातीची बूट प्रतिमा (मशीन सुरू होताना प्रथम वाचली जाणारी फाईल) पुन्हा तयार करावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी ॲरे ‘एमडी१२७’ अशा परक्या नावाने उभा राहू शकतो आणि जुन्या नावावर विसंबलेली जोडणी तुटते. म्हणून विस्तार संपल्यावर मशीन मी तिथे असतानाच एकदा बंद करून सुरू करतो. गोरेगावला ते शनिवारी संध्याकाळी केले, [४/४] [यूयूयूयू] दिसले, आणि होस्टच्या यादीत प्रत्येक डिस्कच्या नावापुढे तिचा अनुक्रमांक लिहून मग दिवे बंद केले.